सतराव्या ठोकळ्याचं चाक

धरणाच्या ऑफिसात तिला सगळे आकडेबाई म्हणत. खरं नाव फक्त हजेरीच्या कागदावर उरलं होतं. टेबलावर दोन स्क्रीन, उशाला घेता येईल एवढी जाड वही आणि त्या वहीवर कायम थंड झालेला चहा. शिपाई चिडवायचा, "बाई, काँक्रीट गार करायचं काम तुमचं, कबूल. चहा कशाला करता?" ती हसायची आणि चहा तसाच राहायचा.

काम मात्र खरंच तेच होतं. काँक्रीट ओतलं की आतून तापतं, हे बाहेरच्या माणसाला खरं वाटत नाही. सिमेंटला पाणी भेटलं की ऊब सुटते. घराच्या स्लॅबमधून ती चार दिवसांत उडून जाते, पण धरणाचा एकेक ठोकळा म्हणजे चार मजली इमारत, आणि तीही आतून भरीव. त्याच्या पोटातली ऊब आपोआप निघायची म्हटलं तर माणसाचं अर्धं आयुष्य जाईल. तोवर कातडी गार आणि पोट गरम, मग तडा ठरलेला. म्हणून ओततानाच थराथरात अंगठ्याएवढ्या जाडीच्या नळ्या वेटोळी करून पुरतात आणि त्यांतून थंड पाणी खेळवतात. नळ्या किती अंतरावर, पाणी किती गार, किती दिवस, हे आधी संगणकावर मांडून बघणं ही आकडेबाईची नोकरी. ती ठोकळ्याचे लाखभर बारीक तुकडे करायची, नळीतलं पाणी वीतभर पुढं सरकलं की किती तापतं ते मोजायची, आणि कुठला तुकडा कुठल्या दिवशी किती गरम असेल ते सांगायची. याला ऑफिसात मॉडेल म्हणत.

यात एक गोम असते. नळीत शिरताना गार असलेलं पाणी बाहेर पडेपर्यंत कोमट होतं. म्हणजे ते शिरतं त्या टोकाची चंगळ आणि निघतं त्या टोकाची उपासमार. हा दुजाभाव काँक्रीटला सोसत नाही. म्हणून दर चोवीस तासांनी प्रवाह उलटा करायचा. आज जिथून आत, उद्या तिथून बाहेर. आता हे काम मोटार करते. एकतीस वर्षांपूर्वी माणूस करायचा. धरणाच्या पोटातल्या अरुंद बोगद्यात एकट्यानं उतरायचं, प्रत्येक ठोकळ्याचं लोखंडी चाक फिरवायचं आणि वहीत बरोबरची खूण करायची. सुलट, उलट, सुलट, उलट. शेवटच्या दहा ठोकळ्यांची चाकं ज्याच्याकडे होती, तो माणूस म्हणजे आकडेबाईचे वडील.

यंदा धरणाची उंची वाढवायचं ठरलं. मोठे साहेब तिला म्हणाले, "नव्याचं नंतर बोलू. आधी तुमचं मॉडेल जुन्या ठोकळ्यांवर खरं करून दाखवा." मागणी रास्त होती. प्रत्येक जुन्या ठोकळ्याच्या दोन्ही टोकांना तापमापक पुरलेले होते. दुसऱ्याच खात्याची माणसं आठवड्यातून दोनदा त्यांचे आकडे टिपून न्यायची आणि गठ्ठे बांधून ठेवायची. ते गठ्ठे आणि चाकांच्या वह्या तिनं मागवून घेतल्या. वडिलांचं अक्षर बघून तिला आधी बरं वाटलं. मग महिनाभर ती आकडे भरत बसली. सव्वीस ठोकळ्यांपैकी पंचवीस मॉडेलशी असे जुळले की साहेबांनी चक्क शाबासकी दिली. त्यांच्या तोंडून शाबासकी म्हणजे दगडाला पाझर.

जुळला नाही तो सतरावा.

सतरावा ठोकळा सगळ्या वसाहतीला ठाऊक होता. त्यालाच तडा गेला होता. ओतल्यावर दोन-अडीच महिन्यांनी बोगद्याच्या भिंतीवर केसाएवढी रेघ दिसली आणि बघता बघता ती बोट जाईल एवढी झाली. चौकशी बसली. ठोकळ्याचं सरासरी तापमान बघितलं, ते ठीक निघालं. चाकाची वही बघितली, एकही खूण चुकलेली नव्हती. मग उरलं काय, तर मिश्रण. काँक्रीट कालवणाऱ्या टोळीच्या मुकादमानं पाणी जास्त घातलं, काम लवकर उरकावं म्हणून, असा निकाल लागला. साप म्हणून भुई धोपटावी तसा तो गरीब माणूस धोपटला गेला. नोकरी गेली, वसाहतीतली खोली गेली आणि वर नाव मिळालं, पाणीमामा.

हे नाव कुठून आलं ते वसाहतीतल्या पुढच्या पोरांना माहीतही नव्हतं. आकडेबाईनंही लहानपणापासून त्याला पाणीमामाच म्हटलं होतं, लाडानं. वळणावर त्याचं कुंड्यांचं आवार होतं. सिमेंटच्या कुंड्या, बाकडी, पक्ष्यांसाठी पसरट भांडी. त्याची एक सवय होती. कालवताना गिऱ्हाईक समोर असेल तर तो पत्र्याचं माप काठोकाठ भरायचा, उचलून त्याच्या डोळ्यांसमोर धरायचा आणि म्हणायचा, "बघून घ्या. एवढंच घालतोय." कुणी मागितलेलं नसायचं. लोक हसायचे. तीही हसली होती, कितीदा तरी.

सतराव्यासाठी तिनं आधी तेच करून बघितलं. मिश्रणात पाणी वाढवलं, मग सिमेंट कमी-जास्त केलं. प्रत्येक वेळी दोन्ही टोकांचे आकडे मिळून वर जायचे किंवा मिळून खाली. पण जुन्या कागदावर एक टोक मॉडेलपेक्षा कितीतरी गार होतं आणि दुसरं कितीतरी गरम. दोन्हींची सरासरी तेवढी बरोबर. चौकशीवाले त्या सरासरीवर समाधानी होऊन घरी गेले होते. मिश्रण बिघडलं तर ठोकळा सगळीकडून बिघडतो. हे मिश्रणाचं काम नव्हतंच, हे तिला तिसऱ्या दिवशी कळलं.

कुठंतरी पाणी मुरत होतं, आणि कुठं ते तिला कळायला लागलं होतं. म्हणूनच ती आठ दिवस बाकी सगळं तपासत बसली. नळ्यांचं अंतर, नदीच्या पाण्याचं तापमान, तापमापकांचा दोष. शेवटी एकच गोष्ट राहिली. तिनं मॉडेलमध्ये सतराव्याचं चाक काही दिवस फिरवलंच नाही. पाणी एकाच दिशेनं वाहू दिलं. दोन्ही टोकांच्या तापमानाच्या रेघा स्क्रीनवर एकमेकींपासून दूर गेल्या आणि जुन्या आकड्यांच्या ठिपक्यांजवळ जाऊन बसल्या. ती खुर्चीवरून उठली आणि खिडकीपाशी उभी राहिली. 

तिनं वडिलांची वही पुन्हा उघडली. त्या दिवसांच्या खुणा होत्या, सगळ्याच्या सगळ्या. पण अकरा खुणा एकाच शाईच्या, एकाच कलत्या हाताच्या, एका बैठकीत केलेल्या. बारावीपासून शाई वेगळी.

तारखा बघायची तिला गरज नव्हती, तरी तिनं बघितल्या. ती सहा वर्षांची होती तेव्हा तिला मेंदूज्वर झाला होता. आईवेगळी पोर. वसाहतीच्या दवाखान्यात वडील तिच्या उशाशी अकरा दिवस बसले होते. ही गोष्ट तिनं इतक्यांदा ऐकली होती की अकरा हा आकडा तिला आपल्या जन्मतारखेसारखा पाठ होता. "तुझा बाप अकरा दिवस हलला नाही गं," वसाहतीतल्या बायका सांगायच्या, आणि तिचा ऊर भरून यायचा. खाली तेच अकरा दिवस सतराव्याचं एक टोक तापत होतं, हे कोण सांगणार?

तिनं मॉडेलला अकरा दिवस दिले. जवळजवळ सगळं बसलं. गरम टोकाला अर्ध्या अंशाचा फरक तेवढा उरला, तो तिनं तापमापकाच्या माथी मारला. पोटापाण्याच्या विद्येशी तिनं केलेली ही एवढीच बेइमानी, पण केली.

दुसऱ्या दिवशी ती बोगद्यात उतरली. तिथं ऊन कधी पोचत नाही. दिवे पिवळे, भिंती ओल्या, पावलांचा आवाज पुढं जाऊन परत येतो. सतराव्याचं चाक अजून होतं, गंजून भिंतीला चिकटलेलं. नळ्या कधीच सिमेंट भरून बंद केल्या होत्या. तड्यावर चुन्याचा पांढरा ओघळ सुकला होता. तिनं भिंतीवर तळहात ठेवला. हा ठोकळा थंड होऊन पाव शतक उलटलं, हे सांगणारं गणित तिनं स्वतः केलं होतं. तरी तिला हाताखाली ऊब लागली. तिनं हात काढला, पुसला, परत ठेवला. ऊब होतीच. आपलाच हात गरम असेल अशी स्वतःची समजूत घालून ती भराभर वर आली, आणि जिन्यावर मागं वळून बघायचा तिला धीर झाला नाही.

त्यानंतर घर पहिल्यासारखं राहिलं नाही. वडील रोज सकाळी दहाच्या ठोक्याला खुर्चीवरून उठायचे, मागच्या दारचा नळ पूर्ण उघडायचे, पूर्ण बंद करायचे आणि खुर्चीवर येऊन बसायचे. निवृत्त माणसाचा चाळा म्हणून तिनं तो वर्षानुवर्षं सोडून दिला होता. वाटेत ते भिंतीला तळहात लावायचे. लहानपणी तिला वाटायचं, माझ्या कपाळाला लावतात तसा बाबा घरालाही हात लावून बघतात, ताप आलाय का म्हणून. आता नळाची चावी फिरली की तिच्या अंगावर काटा यायचा. एकतीस वर्षं हा माणूस ते चाक फिरवतोय आणि आपण शेजारच्या खोलीत चहा पितोय.

साहेबांनी तिला बोलावलं. "सतरा सोडा हो. वाईट मिश्रणाचा ठोकळा आहे, चौकशीत ठरलेलंच आहे. वगळला असं लिहा आणि अहवाल द्या. सोमवारपर्यंत."

एक शब्द लिहायचा होता. वगळला. तेवढ्यानं मॉडेल खरं ठरत होतं, वडिलांचं म्हातारपण सुखाचं जात होतं आणि पाणीमामा पाणीमामाच राहत होता. लिहिलं नाही तर आपल्याच हातानं बापाला खोटारडा ठरवायचं, आणि तेही कशासाठी, तर त्यानं आपल्याला जगवलं त्या दिवसांसाठी. आपलेच दात आणि आपलेच ओठ. शनिवारी दुपारी तिनं अहवालाचा कच्चा कागद घेतला आणि वडिलांसमोर जाऊन बसली.

"बाबा, सतराव्याचं चाक फिरलं नव्हतं ना?"

वडील खिडकीबाहेर बघत होते. ते वळले नाहीत. "कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मी गणित केलं."

"गणितात दिसतं असं?"

"दिसतं."

 वडील म्हणाले, "रजा मागितली होती मी. म्हणाले, काम जोरात आहे, बदली माणूस नाही, जायचं तर कायमचा जा. खाली कोण बघायला येतंय, वाटलं. बाकीच्या ठोकळ्यांचं गार करणं संपत आलं होतं. सतरा तेवढा ताजा होता."

"मला माहीत आहे. माझ्यासाठीच बसलात तुम्ही. मी लिहिलंय त्यात, मूल आजारी होतं असं. अकरा दिवस..."

"बारा."

तिला वाटलं, त्यांचं काहीतरी चुकतंय. "बाबा, बाराव्या दिवशी मला घरी आणलं होतं. त्या दिवशीची खूण वेगळ्या शाईची आहे."

"हो. ती मी खाली उभं राहून केली." आता ते वळले होते आणि सरळ तिच्याकडे बघत होते. "तुला घरी निजवलं आणि पळत खाली गेलो. चाक धरलं, तर हलेना. अकरा दिवसांत जाम झालं होतं. फिटरला बोलवायला हवं होतं. तो आला असता, त्यानं विचारलं असतं, किती दिवस फिरवलं नाही रे? माझी पाचावर धारण बसली. मी वहीत खूण केली आणि वर आलो. दुसऱ्या दिवशी चोरून तेल नेलं, तेव्हा कुठं सुटलं." ते थांबले. "अकरा दिवस तुझे होते, पोरी. त्यांचं मला कधी वाईट वाटलं नाही. बारावा माझा आहे. तू बरी झाली होतीस, मी तिथं होतो, माझे हात चाकावर होते. आणि चौकशीत मला एकच विचारलं, चाक रोज फिरवलं का? मी हो म्हणालो. मुकादम तिथंच बाकावर बसला होता, माझ्याकडे बघत."

 तिला राग आला होता, आणि त्या रागाखाली तेवढीच माया होती. ती उठून आतल्या खोलीत गेली, मांडीवरचा संगणक उघडला आणि अकराच्या जागी बारा घातले. गणित चालायला वीस मिनिटं लागली. दारात वडील उभे होते. अर्ध्या अंशाचा फरक गेला. गरम टोकाचा शेवटचा ठिपका रेघेवर येऊन बसला.

"बसलं?" वडिलांनी विचारलं.

"बसलं."

"मग तसं लिही," ते म्हणाले. "पण कागद जायच्या आधी मला वळणावर ने. तुझ्या कागदातून कळलं त्याला, असं नको व्हायला."

रविवारी सकाळी दोघं चालत निघाली. दहा वाजून गेले होते आणि वडिलांनी आज नळाला हात लावला नव्हता, हे तिच्या वाटेत लक्षात आलं. आवारात पाणीमामा घमेल्यात वाळू-सिमेंट कोरडंच कालवत होता. आकडेबाईला बघून खूश झाला. मागं वडिलांना बघून त्याचा हात जरा थांबला. वसाहत सुटल्यापासून या दोघांनी एकमेकांना वाटेतली मान हलवण्यापलीकडे काही दिलं नव्हतं.

"या. कुंडी बघायला आलात?" म्हणत त्यानं सवयीनं पत्र्याचं माप काठोकाठ भरलं आणि उचलून त्यांच्यासमोर धरलं. "बघून घ्या. एवढंच..."

"ते खाली ठेव," वडील म्हणाले. त्यांचा आवाज फुटला. "तू पाणी जास्त घातलं नव्हतंस. तडा माझ्यामुळं गेला. बारा दिवस चाक फिरवलं नव्हतं मी, आणि सगळ्यांसमोर खोटं बोललो. पोरीनं गणितात काढलंय. उद्या कागदावर येईल."

माप पाणीमामाच्या हातातच राहिलं. काठावरून पाणी थेंब थेंब त्याच्या मनगटावर सांडत होतं, त्याला शुद्ध नव्हती. आकडेबाईला वाटलं, आता हे वडिलांच्या अंगावर फेकणार, आणि फेकलं तर आपण मधे पडायचं नाही असं तिनं ठरवलं.

"दवाखान्यात डबा मीच आणत होतो तुला," पाणीमामा शेवटी म्हणाला. "एकदा मनात आलंही होतं, हा इथं बसलाय, मग खाली चाक कोण फिरवतं? मग म्हटलं, ठेवला असेल कुणीतरी माणूस. चौकशीत तू हो म्हणालास, म्हटलं ठेवलाच असेल." तो हळूच खाली बसला आणि माप जमिनीवर ठेवलं. "मग मलाच वाटायला लागलं रे. घातलं असेल का मी एखादं माप जास्त? दमलेलो असेन, लक्ष नसेल. कितीदा आठवून बघितलं. आता खरंच आठवत नाही मला."

"तू नाही घातलंस," आकडेबाई बसून त्याच्या तोंडाजवळ तोंड नेत म्हणाली. ती आयुष्यात पहिल्यांदा त्याला तू म्हणत होती आणि तिला ते कळलंही नाही. "मामा, मी सगळं करून बघितलंय. एक मापसुद्धा जास्त नव्हतं."

पाणीमामानं मान हलवली, पण तो तिच्याकडे बघत नव्हता. तो आवारामागच्या खोलीच्या दाराकडे बघत होता. आत भांड्यांचा आवाज येत होता.

"बायकोनं मला कधी विचारलं नाही," तो वडिलांना म्हणाला. "खोली सुटली तेव्हा नाही, नंतर नाही. पाणी घातलंस का, म्हणून एकदासुद्धा नाही. विचारलं असतं तर नाही म्हटलं असतं ना मी." मग तो उठला आणि त्यानं वडिलांना दंडाला धरलं. "मला सांगून काय उपयोग? आत चल. तिला सांग. तुझा डबा अकरा दिवस तिनंच केला होता."

वडिलांनी दारात चपला काढल्या. आत जाताना त्यांचा तळहात सवयीनं भिंतीकडे गेला, पण टेकला नाही. दार अर्धवट लोटलं गेलं आणि भांड्यांचा आवाज थांबला.